रागावर उपचारासाठी जवळचा तज्ज्ञ कसा शोधावा: कराडच्या एका गृहस्थांना उत्तर

तुमच्या पत्रातील मजकूर थोडक्यात असा आहे. वय ४१, कराडमध्ये वास्तव्य, एका पतसंस्थेत शाखाधिकारी, घरी आई, पत्नी आणि सातवीत शिकणारी मुलगी. मार्चअखेरच्या वसुलीच्या धावपळीत एका रात्री आमटी गार आहे एवढ्यावरून बोलाचाली झाली आणि तुम्ही ताट भिंतीवर फेकले. मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती आजीच्या खोलीत निघून गेली. त्यानंतर तीन आठवडे, तुमच्या गाडीचा आवाज आला की ती टीव्हीचा आवाज कमी करते, हे तुमच्या लक्षात आले आणि त्या एका गोष्टीने तुम्हाला लिहायला लावले. तुम्हाला रागावर काम करणारा थेरपिस्ट हवा आहे, तो शक्यतो जवळचा हवा, खरा कोण आणि नुसती पाटी लावून बसलेला कोण हे ओळखता यायला हवे, आणि गावात बभ्रा होऊ नये.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून गेली बावीस वर्षे काम करते आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतले असतात. तुमच्या पत्रातील ‘जवळचा’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रागाचे उपचार हे एका भेटीत सल्ला घेऊन परतण्याचे काम नसून ते आठ, दहा, कधी पंधरा आठवडे नेमाने करण्याचे काम आहे. पुण्यातील नामांकित तज्ज्ञाकडे दोनदा जाऊन, येण्याजाण्यात दिवस मोडतो म्हणून पुढे जाणे सोडलेला माणूस आणि अर्ध्या तासाच्या अंतरावरील साध्या पण शिकलेल्या तज्ज्ञाकडे बारा वेळा गेलेला माणूस यांत दुसऱ्याचे घर सावरताना मी अधिक वेळा पाहिले आहे.

तज्ज्ञाचा शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट विचारणे मला भाग आहे. तुम्ही लिहिता की तुम्ही कधीच कोणावर हात उचललेला नाही. त्यावर माझा विश्वास आहे, पण भिंतीवर आदळलेले ताट पाहणाऱ्याला ‘पुढच्या वेळी कदाचित मी’ असेच वाटते, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही हिंसेची व्याख्या केवळ मारहाणीपुरती नाही, शाब्दिक आणि भावनिक छळही तीत येतो. म्हणून पत्नीला निवांत वेळी एकच प्रश्न विचारा, ‘तुला माझी भीती वाटते का?’, आणि उत्तर येईल ते मध्ये न बोलता ऐका. उत्तर ‘हो’ असेल तर दोघांनी मिळून समुपदेशनाला जाण्याची घाई करू नका, कारण घाबरलेली व्यक्ती तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून खरे बोलू शकत नाही आणि बोललीच तर घरी परतल्यावर त्याची किंमत मोजावी लागेल अशी धास्ती तिच्या मनात राहते. अशा वेळी तुमचे उपचार स्वतंत्र चालावेत आणि तिला तिचा स्वतंत्र आधार मिळावा. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आणि तातडीसाठी ११२ हे दोन्ही क्रमांक तिच्याकडे असू द्यात, आणि ते तुम्ही स्वतः दिलेत तर त्यात कमीपणा मानू नका.

आता शरीराकडे. राग हा केवळ मनाचा किंवा स्वभावाचा दोष आहे असे समजून आपण थेट समुपदेशकाचा पत्ता विचारतो, पण चाळिशीत अचानक वाढलेल्या चिडचिडीमागे कितीतरी वेळा वैद्यकीय कारण असते. थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली की माणूस अस्वस्थ, घामेजलेला आणि क्षणात उसळणारा होतो. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांची साखर उतरली की घरच्यांना आधी दिसतो तो त्यांचा संताप. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी लेव्हेटिरासिटामसारखी औषधेही काही लोकांत चिडचिड वाढवतात. डोक्याला पूर्वी मार बसला असेल तर तोही इतिहास सांगावा. एका गृहस्थांची हकिकत, ओळख पटणार नाही इतकी बदलून, सांगते. एस.टी.त वाहक, वय पन्नाशीच्या पुढे, प्रवाशांशी दोनदा हमरीतुमरी झाल्यामुळे चौकशी लागलेली. मी रागाबद्दल प्रश्न विचारत होते आणि त्यांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या, ‘मॅडम, यांच्या घोरण्यानं शेजारच्या खोलीतला नातू उठतो, आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो.’ तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघाला. रात्री मास्कचे यंत्र लावून झोपू लागल्यावर महिनाभरात त्यांची निम्मी चिडचिड ओसरली, आणि उरलेल्या निम्म्यावर आम्हांला काम करता आले.

तुमच्या तपासणीत दारूचे खरे प्रमाण आणि मनाची एकूण स्थिती यांचाही विचार व्हायला हवा. आपल्याकडील पुरुष ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. तो जेवत नाही, रात्री तीनला जागा होतो, आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसतो. ते नैराश्य असू शकते. काही दिवस झोप न घेताही उत्साह उतू जातो, पैसे वाटेल तसे खर्च होतात आणि कोणी अडवले की संताप अनावर होतो, असे चक्र दिसत असेल तर द्विध्रुवीय विकाराची शक्यता तपासावी लागते. त्यामुळे तुमची पहिली पायरी म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून साधी शारीरिक तपासणी आणि त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांची एक भेट. त्या भेटीत गोळ्या मिळतीलच असे नाही. अनेकदा ते ‘औषधाची गरज नाही, थेरपी घ्या’ एवढेच सांगतात, आणि ते कळण्यासाठीही एक भेट खर्ची घालणे योग्य आहे.

पाट्यांवरील शब्दांचा गोंधळ इथे सोडवून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर, त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते आणि या पाट्यांवरच्या लोकांपैकी औषधे तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते डॉक्टर नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या नावाची व्याख्या केलेली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पदवी, आणि तीत रुग्णांबरोबर देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण. माझ्या पिढीतील बहुतेकांनी त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. केले. परिषदेची नोंदवही संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही पडताळता येते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो माणूस रागावतो त्याच्याकडे रागाच्या उपचारांसाठी जाऊ नये, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगते.

तिसरा शब्द समुपदेशक. इथे सर्वाधिक सावध राहावे लागते आणि सर्वाधिक न्यायानेही वागावे लागते. मानसशास्त्रात एम.ए. करून, नंतर एखाद्या उपचारपद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेऊन, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक मी ओळखते आणि माझे रुग्ण त्यांच्याकडे पाठवते. पण शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र चौकटीत लावूनही समुपदेशक म्हणवून घेता येते. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला आणि त्यात समुपदेशकांचाही समावेश आहे, तरी तालुक्याच्या गावात पाटी लावणाऱ्याला आज कोणी विचारायला येते असे मला दिसत नाही. म्हणून विचारायचे ते तुम्हीच. तुमची पदवी कोणत्या विद्यापीठाची, उपचारपद्धतीचे प्रशिक्षण कोणाकडे आणि किती काळ घेतले, आणि अवघड रुग्णाबद्दल तुम्ही सल्ला कोणाचा घेता? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी आहे. ज्याला विचारायला कोणी नाही आणि ज्याला कधी विचारावेसेच वाटत नाही, त्याच्या हाती आपले घर देऊ नये.

‘अँगर मॅनेजमेंट स्पेशालिस्ट’ अशा पाटीच्या मागे लागू नका. तशी स्वतंत्र नोंदणीकृत पदवी आपल्याकडे नाही. चिंता, नैराश्य, दांपत्यातील तणाव यांवर चांगले काम करणारा प्रशिक्षित तज्ज्ञ रागावरही काम करू शकतो, कारण राग एकटा क्वचितच येतो. विचारायचेच असेल तर असे विचारा: ‘रागाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाबरोबर तुम्ही पहिल्या चार भेटींत काय करता?’ उत्तरात मोजमाप, नोंदी, घरच्यांची सुरक्षितता, विचारांवरचे काम आणि सराव यांपैकी काही ऐकू आले तर पुढे जा. ‘तुमच्या मनातली नकारात्मक ऊर्जा काढून टाकू’ किंवा ‘तीन सिटिंगमध्ये हमखास’ असे ऐकू आले तर आभार मानून फोन ठेवा.

कराडमधून शोधायचे तर सुरुवात सरकारी यंत्रणेपासून करावी, असे माझे मत आहे, आणि ते केवळ पैशांसाठी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने पसरला आणि त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असे पथक अपेक्षित असते. तुमच्यासाठी ते साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. पथक ठरलेल्या वारी तालुक्यांतही जाते, त्यामुळे कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसिक आरोग्य तपासणी कोणत्या वारी असते?’ एवढे विचारून या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. अडचण अशी की तिथे गर्दी असते, पदे रिकामी राहतात, आणि तुम्हाला दर आठवड्याला पाऊण तास मिळेलच याची खात्री नसते. निदानासाठी आणि पुढची दिशा मिळण्यासाठी मात्र ही जागा चांगली आहे.

दुसरी वाट वैद्यकीय महाविद्यालयांची. मलकापूरला कृष्णा रुग्णालय तुमच्या दारातच आहे. कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सगळे सीपीआर म्हणतात, आणि मिरजेला शासकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात बाह्यरुग्ण तपासणी असते, आणि तिथल्या प्राध्यापकांना ‘थेरपीसाठी या भागात तुम्ही स्वतःचे रुग्ण कोणाकडे पाठवता?’ असे विचारले तर जे नाव मिळते ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचे असते. माझ्या मते हा एक प्रश्न म्हणजे शोधाचा निम्मा भाग. चांगले मानसोपचारतज्ज्ञ आणि चांगले मानसशास्त्रज्ञ एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या रुग्णांचे काय झाले हेही त्यांना माहीत असते. दारूचा भाग मोठा असेल तर साताऱ्यात परिवर्तन आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण या संस्था आहेत, आणि अशा वेळी आधी व्यसनावर काम व्हावे, रागावर नंतर. प्यायलेल्या माणसाला संयमाची तंत्रे आठवत नाहीत.

यांतले काहीच लगेच जमत नसेल तर १४४१६ लावा. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. फोनवरचे समुपदेशक तुमच्या जिल्ह्यातील सेवेकडे पाठवू शकतात. दीर्घ थेरपीची जागा ती घेऊ शकत नाही, पण रात्री साडेअकराला, डोके भणभणत असताना, दाराबाहेर पायरीवर बसून बोलायला एक माणूस मिळणे यालाही मोल आहे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम थोडा लांबवते, कारण याकडे शोधताना दुर्लक्ष होते. राग मातृभाषेत येतो. तुम्ही इंग्रजीत कितीही सफाईने ईमेल लिहीत असाल, त्या रात्री तोंडून निघालेले वाक्य होते ‘उलट बोलतेस?’, तुम्हीच ते लिहिले आहे. या दोन शब्दांत एक संपूर्ण व्यवस्था आहे: कोणी कोणाला उत्तर द्यायचे नाही, सुलट काय असते, घरात मान कोणाचा आणि तो मोडला की काय होते. ‘माझी काही किंमतच नाही’, ‘मी काय येडा आहे का’, ‘चार लोकांत पाणउतारा केला’ ही वाक्ये ज्या तज्ज्ञाला समजावून सांगावी लागत नाहीत, त्याच्यासमोर काम लवकर खोलात जाते. म्हणून ऑनलाइन उपचार घ्यायचे ठरवले तरी मराठी जाणणारा तज्ज्ञ पाहा. परदेशात राहणारे अनेक मराठी लोक याच कारणासाठी इकडे वेळ घेतात. ऑनलाइन थेरपी रागासाठी चालते, फक्त बोलायला जागा हवी. एकत्र घरात, दाराआडून आई ऐकते आहे अशा धास्तीत कोणी खरे बोलत नाही. माझे काही रुग्ण गाडी शेताच्या कडेला उभी करून, काचा वर करून बोलतात आणि ते सत्र उत्तम होते.

आता पहिल्या भेटीत काय होईल ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. साधारण पाऊण ते एक तास. त्यातला मोठा भाग प्रश्नांचा: शेवटचा प्रसंग क्रमाने, त्या दिवशी सकाळपासून काय झाले, झोप, जेवण, दारू, लहानपणी घरात राग कसा व्यक्त होई, ऑफिसात असा राग येतो का की फक्त घरीच येतो. हा शेवटचा प्रश्न अवघड असतो. वरिष्ठांसमोर जो माणूस आवाज चढवत नाही आणि घरात ताट फेकतो, त्याला राग आवरता येतो, हे तिथे सिद्ध होते. मग काम ‘आवरता येत नाही’ यावर न होता ‘घरात आवरण्याची गरज का वाटत नाही’ यावर होते. चांगला तज्ज्ञ हे तुम्हाला न दुखवता, पण न टाळता विचारेल. घरात कोणाला इजा झाली आहे का, मनात स्वतःचे किंवा दुसऱ्याचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही पहिल्याच भेटीत विचारायला हवे. ते विचारलेच नाही तर ती मला गंभीर उणीव वाटते.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून बहुधा एक वही सुरू होईल. आम्ही तिला रागाची वही म्हणतो. तुमच्यासारख्याच एकाच्या वहीतील एक नोंद, नमुना म्हणून थोडी बदललेली: ‘मंगळवार, रात्री ८.४०. दारात चपला पसरलेल्या. मनात आले, मी दिवसभर मरतोय आणि यांना साधी शिस्त नाही. कान तापले, जबडा आवळला. राग दहापैकी सात. पायाने चप्पल उडवली, ओरडलो. त्याआधी: साडेचारला वसुलीवरून वरच्यांचा फोन, दुपारी जेवलो नाही.’ नोंदीतील शेवटची ओळ सर्वांत मौल्यवान आहे. चार आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की चपला, आमटी, अभ्यास अशी कारणे बदलत राहतात आणि उपाशी पोट, साडेचारचा फोन आणि ‘मला किंमत नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येत राहते. मग उपचार कशावर करायचा ते दोघांनाही दिसते.

त्या वाक्यावर काम करण्याची पद्धत मराठी वाचकांना मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेले विवेकनिष्ठ मानसोपचार त्यांनी मराठीत रुजवले. चपला पसरल्या ही घटना, संताप हा परिणाम, आणि दोहोंच्या मध्ये असलेली ‘माझा मान ठेवलाच पाहिजे’ ही मागणी. तो ‘च’ सैल करायला शिकणे म्हणजे अपमान गिळणे नव्हे. ‘चपला नीट ठेवल्या तर मला आवडेल’ असे म्हणणारा माणूस आपले म्हणणे सोडत नाही, पण त्यासाठी कोणाला भिववत नाही. बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी) ही याच कुळातील पद्धत, आणि रागावर तिचा अभ्यास बराच झालेला आहे. बेक आणि फर्नांडिस या संशोधकांनी १९९८ मध्ये ५० अभ्यास एकत्र तपासले, १,६४० व्यक्तींचे. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७६ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. रुग्णांना मी हा आकडा सांगते, कारण ‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते.

याच संदर्भात एक इशारा. उशीवर ठोसे मारा, एकांतात किंचाळा, वस्तू फोडा म्हणजे राग ‘निघून जाईल’, असा सल्ला देणारा थेरपिस्ट भेटला तर तिथे थांबू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. ज्याने चिडवले त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले राहिले, आणि काहीही न करता शांत बसलेले त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक ठरले. राग वाफेसारखा साठत नाही. त्याचा सराव केला तर तो वाढतो.

तज्ज्ञ तुम्हाला विराम घ्यायला शिकवतील, आणि तो नीट ठरवून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा अबोला होतो. दहापैकी पाचवर पोचलात की ठरलेला एक शब्द उच्चारायचा, अर्धा तास बाजूला जायचे, आणि अर्ध्या तासाने परत येऊन त्याच विषयावर बोलायचे. परत येणे हा त्यातील अर्धा करार आहे. त्या अर्ध्या तासात मोटारसायकल दामटायची नाही, मित्राला फोन करून कैफियत मांडायची नाही, पायी चालायचे. हाच शब्द पत्नीनेही वापरायचा, आणि तिने वापरला तर तुम्ही तिच्या मागे स्वयंपाकघरात जायचे नाही.

पैशांचे सांगायचे तर माझ्या पाहण्यात तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी सत्राला साधारण ५०० ते १,२०० रुपये, आणि पुण्या-मुंबईत १,२०० पासून ३,००० पर्यंत व त्याहून अधिकही घेतात. फोनवरच शुल्क, वेळ आणि सत्र रद्द केल्यास काय, हे विचारून घ्या. वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नकार द्या. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे २०१७ चा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरत्या असल्याने थेरपीची फी सहसा खिशातूनच जाते. म्हणून सुरुवातीला सहा सत्रांचा हिशोब करा आणि सहाव्या सत्रात तज्ज्ञांबरोबर वही उघडून पाहा. उद्रेकांची संख्या, त्यांची तीव्रता आणि शांत व्हायला लागणारा वेळ, यांपैकी एक तरी कमी झालेले असावे. पहिल्यांदा बहुधा तिसरे कमी होते. काहीच हलले नसेल तर तसे मोकळेपणाने बोला, आणि तरीही उत्तर पटले नाही तर तज्ज्ञ बदला. त्यात कोणाचा अपमान नाही.

बभ्रा होण्याची तुमची काळजी मी हलकी लेखत नाही. पतसंस्थेतील शाखाधिकाऱ्याला गावातला प्रत्येक तिसरा माणूस ओळखतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयता हा तुमचा हक्क केलेला आहे, आणि अपवाद मोजके आहेत, त्यातला एक म्हणजे दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका. हे अपवाद तज्ज्ञांनी पहिल्या भेटीत स्वतःहून सांगायला हवेत. प्रतीक्षाकक्षात ओळखीचे कोणी भेटण्याची भीती असेल तर दिवसातील पहिली किंवा शेवटची वेळ मागा, बहुतेक जण देतात. कराडमध्ये नकोच वाटत असेल तर साताऱ्याला जा; अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि हायवेने सव्वा तासात पोचता येते. दर आठवड्याच्या थेरपीसाठी त्याहून लांब मात्र जाऊ नका, कारण आठव्या आठवड्यात, थोडे बरे वाटू लागल्यावर, लांबचा प्रवास हेच न जाण्याचे पहिले कारण होते, आणि नेमका तोच काळ काम पक्के करण्याचा असतो.

फोनवर काय बोलावे हे सुचत नाही म्हणून आठवडे जातात, असे मी पाहिले आहे. एवढेच बोला: ‘माझे वय ४१. मला राग आवरत नाही, घरात वस्तू फेकली, घरच्यांना भीती वाटते. मला नेमाने यायचे आहे. तुम्ही अशा तक्रारीवर काम करता का, आणि तुमची नोंदणी कुठली आहे?’ तीन ठिकाणी फोन करा. कोणी किती लवकर वेळ दिली यापेक्षा तुमचे वाक्य कोणी पूर्ण होऊ दिले, ते पाहा.

मुलीशी बोलायला मात्र उपचार पूर्ण होण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात, दिवसाउजेडी, तिच्या शेजारी बसून सांगा, ‘त्या रात्री मी ताट फेकले, ती चूक माझी होती. तुझी नव्हती, आईची नव्हती. मी त्यासाठी एका तज्ज्ञांकडे जाणार आहे.’ पुन्हा कधीच रागावणार नाही असे वचन देऊ नका, ते मोडेल. तिने लगेच जवळ यावे अशी अपेक्षाही ठेवू नका, आणि टीव्हीचा आवाज वाढव असे तिला सांगू नका. तो ती स्वतः वाढवेल. ज्या दिवशी तुमची गाडी दारात आल्यावरही आवाज होता तसाच राहील, त्या दिवसाची तारीख वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या सत्रात तज्ज्ञांना दाखवा.